अर्धी भरती

आज्यानं विचारलं होतं, मस्कत किती लांब.
शर्वाणी फोनवर म्हणाली, अडीच तास.

"मी लांबी इचारली, तू टाइम सांगतंस,"
तो कुरकुरला, आणि मग स्वतःच गप्प झाला,
कारण जन्मभर त्यानंही तेच केलं होतं:
कोपरची वाट दोन बिड्यांची,
पनवेलचा बाजार एका उन्हाचा,
आणि रेतीचा पडाव भरून बेलापूरच्या पुलापर्यंत
एक ओहोटी.

मी सातवीला भूगोल शिकवते.
शनिवारी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला,
खालची खुंटी तुटलेली, म्हणून वाटीत बसवला.
आज्याच्या जाळ्याचा दोरा घेतला,
एक टोक आपल्या किनाऱ्यावर, एक ओमानच्या,
आणि ताणला.
पंधराशे सत्तर किलोमीटर, साधारण.
त्यानं तेवढा दोरा चिमटीत धरून उजेडात पाहिला.
करंगळीची दोन पेरं.
"येवऱ्यासाठी ररत व्हतीस?"

मग वाऱ्याचं सांगितलं:
जाताना समोरून येतो, वीसेक मिनिटं खातो,
परतीला पाठीशी असतो.
हे त्याला लगेच पटलं. वाऱ्याचं काहीही पटतं त्याला.
घड्याळाचं मात्र पटेना.
दहाला निघायचं, अडीच तास उडायचं,
आणि पोचायचं अकराला?
"मंग दीड तास कुनाचे खिशान गेला?"
तिच्या, मी म्हटलं. येताना परत द्यावा लागतो.
"उधारी," तो म्हणाला. "आसं बोल ना."

मी साडेसहाला दूध तापवते,
तिथं पाच वाजलेले असतात,
वॉर्डातली तिची शेवटची फेरी,
सलाईनच्या बाटल्या, कुणाचं तरी पांघरूण.
दूध वर येतं तेव्हा मी गॅस बारीक करते.
याला अंतर म्हणतात का, मला माहीत नाही.
पुस्तकात नाही.

वर्गात एका पोरानं विचारलं,
बाई, मोजायचं कुठून? विमानतळापासून की घरापासून?
मी म्हटलं, शहराच्या मध्यापासून,
आणि फळा पुसायला वळले.

आमचं गाव होतं तिथं आता नाही.
टेकडी सुरुंगांनी उतरवली,
नदीला सांगितलं, तू इकडून जा.
देव आमच्याबरोबर करंजाड्याच्या प्लॉटवर आला,
चिंच आली नाही.
आजा म्हणतो, आपली चूल होती तिथंच
विमानाची चाकं टेकतात.
जुना सातबारा आणि नवा नकाशा
मी एकमेकांवर ठेवून बघितलाय.
दोनशे मीटरचा फरक येतो.
सांगितलं त्याला. दोनदा.
दोन्ही वेळा त्यानं कान खाजवला.

दिवाळीला ती आली, पहिल्यांदाच इथं उतरणार होती.
आजा काचेच्या दारापर्यंत आलाच नाही,
खाडीच्या बांधावर मला घेऊन बसला.
"निघाले" असा तिचा मेसेज आला तेव्हा
पाणी नुकतं फिरलं होतं, चिखल उघडा,
त्यानं त्यात एक काठी रोवली होती.
आम्ही बोललो नाही फारसं.
मी वह्या आणल्या होत्या तपासायला,
सहामाहीतले नकाशे, श्रीलंका कुणी कुठंही ठेवलेली.
पाणी काठीच्या अर्ध्यावर आलं
आणि डोंगराच्या बाजूनं ते विमान खाली उतरत गेलं,
पोट पांढरं, चाकं बाहेर,
बगळा बांधावर बसताना पाय काढतो तशी.

आजा उभा राहिला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.
"आपल्या आंगनान उतरली," तो म्हणाला.
थोडा थांबला, माझ्याकडे न बघता,
"दोनशे मीटर इकरं-तिकरं."

सामान यायला अजून वेळ होता.
त्यानं दुसरी बिडी काढली.